पहिला हंडा

दगडाच्या ओल्या भुकटीचा वास आला की कुठेतरी बोअर मारणं चाललंय हे कळतं आणि मला धरणगावजवळचं आमचं गाव आठवतं. नव्वदच्या आसपासचा उन्हाळा, गावच्या दोन्ही विहिरी आटलेल्या. आमच्या बौद्धवाड्यातला माझा मित्र मस्कतला फिटर होता. सुटीवर आला आणि स्वतःच्या कमाईतून अख्ख्या गावासाठी बोअर मारायला निघाला. पाणाड्याने दाखवलेली जागा नेमकी आमच्याच गल्लीत निघाली, सवर्णांच्या वरच्या गल्लीत नाही. दीडशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडत होता. "पाणी लागेल ना रे?" मी विचारलं. "लागेल," तो म्हणाला, "पण वरच्या गल्लीतलं कोणी इथे भरायला येईल का, ते सांग." दोनशेला पाणी लागलं, दुसऱ्या दिवशी हापसा बसला. आमच्या बाया कळशा घेऊन पुढे झाल्या, तर त्याने त्यांना अडवलं. "आपण आधी भरलं तर ते कधीच येणार नाहीत." वरच्या गल्लीच्या बाया लांब लिंबाखाली रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. ऊन चढलं, तरी कोणी हलेना. त्याने शर्टाच्या बाहीने तीनदा तोंड पुसलं. शेवटी त्यांच्यातली एक म्हातारी अक्का तरातरा आली आणि तिने हंडा हापशाखाली आदळला. "उभा काय ऱ्हायना रे भाऊ? परदेशमा जाईसन हापसानं भुली गया का?" तो हापसू लागला; हंडा भरून वाहिला तरी थांबेना. अजूनही तो वास आला की पाणी लागेल का, याची चिंता मला वाटत नाही. भरायला कोण येईल, याची वाटते.