साहेबांची आठ पुस्तकं आणि अप्पांची शेळी

दुपारी दोन ते चार आमच्या गल्लीत गिऱ्हाईक फिरकत नाही. लातूरचं ऊन असं, की कुत्रंसुद्धा शटरच्या सावलीतून हलत नाही. या दोन तासांत दुकानदारानं करायचं काय? चहा मागवायचा आणि एकमेकांची टर उडवायची! तीस वर्षं भांडी विकून राहिलो मी. चेपलेलं भांडं मोडीत जातं, पण किस्सा जितका चेपावा तितका त्याला भाव येतो.

आम्ही चौघं. माझं भांड्यांचं दुकान, शेजारी शिवलिंगअप्पांचं पुस्तकांचं, समोर गंगाधररावांचं कापडाचं आणि कोपऱ्यावर रशीदभाईंचं चष्म्यांचं. गेल्या वर्षभरात आमच्याकडं जेवढे किस्से जमले, तेवढे आधीच्या दहा वर्षांत नव्हते जमले. सगळ्यांचं मूळ एकच. साहेबांची यादी!

*

साहेब मूळचे चाकूर तालुक्यातले. बेंगलोरला जाऊन कॉम्प्युटरची कंपनी काढली, मोठी केली, विकली. आता दुसऱ्यांच्या नव्या कंपन्यांत पैसे लावतात. लातुरात त्यांचा सत्कार झाला. एका पोरानं उभं राहून विचारलं, "सर, तुमच्या यशाचं गुपित काय?"

साहेबांनी मोबाईल काढला आणि आठ पुस्तकांची नावं वाचून दाखवली. मागं पडद्यावर यादी झळकली. अख्खा हॉल मोबाईल वर करून फोटो काढायला लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक फेटेवाले बाबा उठले.

"साहेब, आठीच्या आठी वाचायची, का त्यातलं एखादं चालंल?"

"आठही वाचा, बाबा."

बाबा खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "मग जाऊ द्या. हाय तेच बरं हाय."

हॉल हसला. अप्पा मात्र हसले नाहीत. ते यादी उतरवून घेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठही पुस्तकांचे मराठी अनुवाद मागवले. पंचवीस सेट! एक अख्खं कपाट भरलं.

मी म्हणालो, "अप्पा, एवढे कामून?"

"दिगू, पाचशे लोकांनी फोटो काढला. मी डोळ्यानं बघितलं."

"फोटो काढला म्हणजे लोकांचं वाचून झालं, अप्पा!"

ऐकतील तर ते अप्पा कसले! पण महेशचं डोकं फिरलं. महेश म्हणजे अप्पांचा थोरला. पोरगं वाईट नाही, पण दिवसभरात दोन वह्या आणि एक पट्टी खपली तर त्यानं तरी काय करावं? सगळ्यांसमोर म्हणाला, "पप्पा, पाडव्यापर्यंत थांबतो. हे कपाट रिकामं झालं तर दुकान पुस्तकांचं. न्हाई झालं तर मोबाईलचे कव्हर आन चार्जर. मग बोलायचं न्हाई."

अप्पांनी कपाळावरच्या विभूतीला हात लावला आणि म्हणाले, "हाव." आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराची पहिली पाटी ज्या दुकानातून गेली, ते दुकान एका लोखंडी कपाटावर पणाला लागलं!

*

पहिल्या महिन्यात एकही सेट गेला नाही. रशीदभाईंनी युक्ती काढली. "भिशी लगाओ!" पैशांची नाही, पुस्तकांची. प्रत्येकानं अप्पांकडून एक सेट घ्यायचा. दर महिन्याला चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्यानं एक पुस्तक वाचायचं आणि दुपारच्या चहाला बाकीच्यांना सांगायचं.

पहिलं नाव निघालं गंगाधररावांचं. पुस्तक होतं सौदा करताना गप्प कसं बसावं याच्यावर. आपलं म्हणणं एकदा सांगायचं आणि तोंड बंद. जो आधी बोलला तो हरला.

त्याच आठवड्यात गंगाधररावांच्या पोरासाठी नांदेडला मुलगी बघायला गेलो. पाहुणे मूळचे हिमायतनगरचे, नांदेडात स्थायिक. गंगाधरराव आत शिरताना "नमस्कार" म्हणाले आणि तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. पोहे आले, गप्प. चहा आला, गप्प. मुलीच्या वडिलांनी पाऊस विचारला, कापडाचा बाजार विचारला, गंगाधरराव नुसते मान हलवून राहिले. मी एकटा बोलून बोलून दमलो.

शेवटी मुलीची आजी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ह्यायला लहानपणापासून बोलता येत न्हाई का ओ?"

मला ठसका लागला. मी काही सांगायच्या आत आतून मुलीचा निरोप आला. तिला स्थळ पसंत होतं! म्हणे, "न बोलणारा सासरा कुणाला मिळतो?"

लग्न झालं. आता गंगाधरराव घरात दिवसभर बोलतात. सून म्हणते, "मामंजी, फसवणूक झाली आमची!"

*

दुसरी चिठ्ठी रशीदभाईंची. त्यांना 'नाही' म्हणायला शिकवणारं पुस्तक आलं. माणूस इतका भिडस्त, की चष्मा घ्यायला आलेल्याला चहा पाजतो आणि पत्ता विचारायला आलेल्याला जेवायला थांबवतो. आम्हाला वाटलं, बरं झालं, सुधारतील.

आठ दिवसांनी बघतो तर रशीदभाई दुपारी माझ्या डब्यातली भाकरी मोडत बसलेले. दुसऱ्या दिवशी गंगाधररावांच्या डब्यात हात. तिसऱ्या दिवशी परत माझ्या.

"भाई, तुमचा डबा कुठाय?"

रशीदभाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "क्या बोलू शेठ, किताब मेरेकू दिये, पढ ली बेगम! मैं बोला डब्बा, वो बोली नक्को. मैं बोला चाय, वो बोली नक्को. मेरा अभी पहला पान बी नहीं हुआ!"

*

तिसरी चिठ्ठी माझी. शाळा मी सातवीत सोडली. पुढचं सगळं गिऱ्हाईकांकडून शिकलो, आणि गिऱ्हाईक चारशे पानांचं नसतं! माझ्या वाट्याला जगातल्या सगळ्या धंद्यांचा इतिहास आला. मी व्यापारी माणूस, काम वाटून द्यायची सवय. आमच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, तुम्ही वाचा आन मला दोन पानांत लिहून द्या. स्टीलचा डबा देतो, झाकणासहित."

चौथ्याच दिवशी गुरुजींनी दोन पानं आणून दिली. मोत्यासारखं अक्षर! मी पाठ करून टाकली. चहाच्या वेळी उभा राहिलो आणि धाडधाड सुरू केलं. मसाल्याचा व्यापार आला, जहाजं आली, कारखाने आले. गंगाधररावांचं तोंड उघडं पडलं. अप्पांचे डोळे भरून यायचेच बाकी होते. मी सुद्धा स्वतःवर इतका खूश, की त्याच तालात शेवटची ओळही म्हणून टाकली.

"आणि हो, व्हिडिओ आवडला असेल तर चॅनेलला सबस्क्राईब करायला विसरू नका!"

त्या दिवसापासून गल्लीत मला 'चॅनेलवाले' म्हणतात. गुरुजी डबा परत द्यायला तयार नाहीत. म्हणतात, "ऐकून लिहायलाही कष्ट पडतात."

*

आमचे तीन सेट सोडले तर कपाट हललं नव्हतं. अशात एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याची सजावट करणारा मुलगा हातात टेप घेऊन आला.

"अंकल, वेटिंग रूमच्या शोकेससाठी तेरा इंच पुस्तकं पाहिजेत."

अप्पा चाळीस वर्षं धंद्यात. पुस्तकं नगावर विकली, रद्दी किलोवर विकली, पण इंचावर कधी नाही! त्यांनी शांतपणे एक सेट टेबलावर उभा केला. पोरानं टेप लावला. अकरा इंच भरले.

"दोन इंच कमी पडतात, अंकल."

अप्पांनी माळ्यावरून एक धुळकट गठ्ठा काढला. लोहा गावातल्या जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी स्वतः छापलेलं पुस्तक, 'शेळी घेताना'. बहात्तर पानं, साठ रुपये. दोनशे प्रती कित्येक वर्षांपासून पडून होत्या. अप्पांनी एकेक शेळी लावत लावत दोन इंच बरोबर भरून दिले.

"कशाचं पुस्तक आहे हे?"

"गुंतवणुकीचं!" अप्पा म्हणाले.

*

आता पुढची गंमत बघा. दवाखान्यात पेशंट तासन् तास बसतात. काचेत साहेबांची आठ पुस्तकं आणि त्यांना चिकटून ओळीनं शेळ्या. खाली पोरानं सजावटीसाठी सोनेरी पाटी लावली: 'साहेबांनी सुचवलेली पुस्तकं'.

चार दिवसांनी एक शेतकरी दुकानात आला. "ते साहेबाचं शेळीचं पुस्तक द्या बरं."

अप्पांनी एक दिलं. दुसऱ्या दिवशी तिघं आले. त्यातले एक कॉलेजचे प्राध्यापक! पुस्तक चाळून म्हणाले, "एवढा मोठा माणूस झाला, पण मातीला विसरला नाही बघा."

अप्पांनी त्या रात्री काय विचार केला माहीत नाही. सकाळी दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं नावं होती. वर 'साहेबांची यादी', खाली आठ पुस्तकं, आणि नऊ नंबरला 'शेळी घेताना'.

मी म्हणालो, "अप्पा, हे साहेबांनी कधी सांगितलं?"

"मी कुठं म्हणालो सांगितलं म्हणून? लोकच म्हणून राहिलेत. मी लोकांचं लिहिलं."

शेळीवर गर्दी उसळली! चाकूरहून लोक आले, लोह्याहून आले, उदगीरहून फोन आले. महेश सुद्धा गल्ल्यावर बसायला लागला. पण कपाट? कपाट तसंच. शेळ्या संपतील, आठ पुस्तकं राहतील आणि पाडव्याला पाटी बदलेल, हे दिसत होतं. अप्पांना आमच्या आधी दिसलं. त्यांनी फळ्यावर खाली एक ओळ वाढवली:

'शेळी सुटी मिळणार नाही. सेटसोबतच मिळेल.'

लोकांनी कुरकुर केली, भांडले, मला मध्ये घातलं. अप्पा ढिम्म. लोक आठ पुस्तकं पिशवीत टाकायचे आणि शेळी हातात घेऊन वाचत जायचे. पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा कपाटात एकच सेट उरला होता.

*

त्याच दुपारी गल्लीत एक पांढरी गाडी थांबली आणि साहेब उतरले!

गावाकडं जाताना कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. आम्ही तिघं चहाचे कप तसेच ठेवून धावलो. महेशचा चेहरा पांढराफटक. साहेब एक शब्द जरी बोलले असते, "हे पुस्तक माझं नाही," तर गेलेले सगळे सेट संध्याकाळपर्यंत परत आले असते. दुकान गेलं असतं ते गेलंच, अप्पांचं नावही गेलं असतं.

साहेबांनी फळा वाचला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग आत येऊन म्हणाले, "नववं दाखवा."

अप्पांनी पुस्तक दिलं. साहेब स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. पहिल्या पानावर लोह्याच्या डॉक्टरांनी लिहिलंय, 'विकणारा बोलत असेल तेव्हा शेळीचे दात बघावेत. शेळीला बोलता येत नाही, त्यामुळं तिला खोटंही बोलता येत नाही.' साहेबांनी पान उलटलं. दुसरं उलटलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, त्यांनी मान वर केली नाही. रशीदभाई ओठातल्या ओठात दुवा मागत होते.

शेवटी साहेबांनी अप्पांकडं पाहिलं.

"अप्पा, हे मी सांगितलं होतं?"

अप्पा म्हणाले, "अजून न्हाई, साहेब."

साहेब गप्प. अप्पाही गप्प. गंगाधररावांनी मला कोपर मारलं आणि कानात म्हणाले, "बोलू नका. जो आधी बोलंल तो हरला!"

साहेब बोलले. पुस्तक मिटलं, खिशात हात घातला आणि म्हणाले, "ह्या एकाचे किती द्यायचे?"

अप्पांनी फळ्याकडं बोट दाखवलं, वळले, आणि कपाटातला शेवटचा सेट काढून टेबलावर ठेवला.

"सुटं मिळत न्हाई, साहेब!"