बारा वर्षं ओळखणारे चाचा

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर दर चार-पाच वर्षांनी बदलून जातात. शिपाई चाचा मात्र शाळा पत्र्याच्या दोन खोल्यांत भरायची तेव्हापासून आहेत. कुठली खोली कधी बांधली, हे नव्या प्रिन्सिपलही त्यांनाच विचारतात. उत्तर देण्याआधी चाचा टोपी काढून डोकं खाजवतात.

परवा नोकरीसाठी मला शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. नेमकं आमच्या सालचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं.

"तू इथेच शिकलीस, हे कशावरून?" प्रिन्सिपल सिस्टरनी विचारलं. नेहमीप्रमाणे माझ्या तोंडून शब्द फुटेना.

चाचांनी टोपी काढली. "सिस्टर, हे पोरगी जानेफळची. वर्गात भिंतीले लागून बसे. बारा वर्सात हिचा आवाज नाही आयकला मी."

"मग हीच कशी लक्षात राहिली?"

"बोलणाऱ्यायले तं सारेच ओयखतात. न बोलणाऱ्यायवर ध्यान ठेवा लागते ना!"

त्यांनीच कपाटातून जुन्या निकालांचा गठ्ठा काढून दिला. त्यात माझं नाव सापडलं आणि दाखल्यावर सही झाली.

मी चाचांना थँक्यू म्हटलं, तेही इतक्या मोठ्याने की सिस्टरनी दचकून वर पाहिलं.