वरच्या फळीवरच्या चपला

"पाय दाखव."

नोकरीचा पहिला दिवस होता. मला वाटलं, खरूज-बिरूज बघत असतील. चप्पल काढली, पाय पुढं केला.

"असा नाही. तळवा दाखव."

बाजारात कोंबडी उलटी करून बघतात तसं साहेबांनी बघितलं. हात नाय लावला. पेनाच्या टोकानं टाच दाखवली आणि बाजूच्या चार माणसांना म्हणाले, "ह्या भेगा बघा. भात लावता येईल ह्यात." चौघंही हसले. मग मला म्हणाले, "वर सागवानी डेक आहे. ह्या टाचा घेऊन चढणार तू?"

बाजूला पाण्याची बादली होती आणि बोटीचं बूड घासायचा तारेचा ब्रश. तो त्यांनी पायानं माझ्याकडं सरकवला. घास म्हणाले. मी घासलं. सगळ्यांदेखत, भर उन्हात, एका पायावर उभं राहून. रक्त आलं तेव्हा म्हणाले, पुरे, आता पांढरे मोजे घाल, वर डाग पडायला नको.

पंधरा पावलांवर माझा बा दुसऱ्या एका बोटीखाली उताणा पडून बुडाला चिकटलेली शिंपली पत्र्यानं खरवडत होता. त्याला सगळं दिसत होतं. त्याच्या पत्र्याचा आवाज थांबला. थोडा वेळ थांबला, मग परत सुरू झाला.

हे यार्ड पेणच्या पलीकडं, खाडीच्या कडेला. मुंबईवाल्यांच्या मोठमोठ्या यॉट पावसाळ्यात इथं जमिनीवर काढून ठेवतात, दिवाळीनंतर पाण्यात सोडतात. मग थंडीत तीन दिवसांचा बोट शो. नव्या-जुन्या बोटी जेटीला बांधायच्या, माणसं येणार, बघणार, एखादा घेणार. आम्ही रोह्याचे. म्हणजे रोह्याचे पण नाय, अष्टमीच्या पुढं नदीकाठी आमची आदिवासी वाडी आहे, तिथले. बा आधीपासून ह्या यार्डात बुडं खरवडायला होता. यार्डातल्याच एका खोलीत राहायचा. मी बारावी झाले, थोडं इंग्रजी समजतं, म्हणून त्यानं साहेबांच्या हातापाया पडून मला पण चिकटवली. साहेब म्हणजे बोटी विकणारे मोठे साहेब. मालक कधी दिसलाच नाय.

माझं काम चपलांचं. यॉटवर चप्पल-बूट घालून चढत नाय कोण. कितीही मोठा माणूस असू दे, जेटीवर पायातलं काढणार, मग वर जाणार. ते उचलायचं, पुसायचं, रॅकवर ठेवायचं. माझ्या आज्याला कुणाच्या ओटीपुढून जाताना चप्पल काढून हातात घ्यायची वेळ कधी आली नाय. त्याच्याकडं चप्पलच नव्हती. मी मात्र शोत दिवसाला शंभर जोड हातात घेत होते, तेही बारावी पास होऊन.

रॅकला तीन फळ्या. ही साहेबांची युक्ती. खरा घेणारा वाटला, त्याच्या चपला वरच्या फळीवर. असेल-नसेल, मधल्या. नुसता फोटो काढायला आलेला, खालच्या. खालच्याला साहेब "टाइमपास" म्हणायचे. गर्दीत ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचेच नाय. लांबून माझ्या रॅककडं बघायचे. वरच्या फळीला नारळपाणी, खुर्ची आणि स्वतः साहेब. मधल्याला साहेबांचा असिस्टंट. खालच्याला बोटींच्या माहितीचा एक कागद हातात आणि "थँक यू".

शोच्या पहिल्या दिवशीच मी माती खाल्ली. चकचकीत काळे बूट दिसले, आरशासारखे. ठेवले वरच्या फळीवर. ते ड्रायव्हरचे निघाले. त्याचा शेठ झिजक्या सपाता घालून आला होता, त्या मी खाली टाकल्या होत्या. साहेबांनी मला शेठपुढं उभं केलं. "सर, सॉरी. जंगलातून आणलीय, शिकवतोय अजून." शेठ म्हणाला, "शिकेल, शिकेल." माझ्याकडं बघितलं पण नाय.

मग मी शिकले. जिद्दीनं शिकले. चकचकीत ठेवायला लागतं ते नोकराला, हे पहिलं. ज्याचे बोटीचे बूट कोरे आहेत, तळव्याला दुकानाचं स्टिकर तसंच, तो काल रात्री मॉलमध्ये जाऊन आलाय, तो खालच्या फळीचा. जो कठडा न धरता एका पायावर उभा राहून नाडी सोडतो, त्याला डोलत्या डेकची सवय आहे. ज्याच्या कापडी बुटाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ आहे, त्याची एक बोट आधीच आहे, दुसरी बघायला आलाय. वर जाऊन जो आधी पलंग बघतो तो बायकोला खूश करायला आलाय. जो खाली वाकून इंजिनाच्या खोलीचा वास घेतो, तो घेणार.

दुसऱ्या वर्षी माझा एकही अंदाज चुकला नाय. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची. मोठमोठी माणसं अनवाणी माझ्यासमोरून जायची आणि कोण कुठल्या फळीचा ते मी ठरवायची. एकदा गडब गावाकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. पांढरा लेंगा, सँडलला बांधावरची माती. त्यानं दोघांच्या चपला स्वतःच नीट एका कडेला काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. मला म्हणाला, "आमच्या असूं दे गो हतंच, तुझं हात खराब होतील." मी त्या चिमटीत धरून खालच्या फळीवर टाकल्या. साहेबांनी दोघांत मिळून एक कागद दिला. बाई तो कागद घडी घालून पिशवीत ठेवत होती आणि मी दुसरीकडं बघून हसत होते.

म्हणून पुढं जे झालं, त्याचं मला नवल वाटत नाय. साहेबांचा तराजू मीच झाले होते.

त्याच वर्षीच्या शोचा दुसरा दिवस, शनिवार. जेवणं झाली होती. साहेबांचे खास पाहुणे हिरवळीवर बसले होते. साहेबांनी मला हाक मारली.

"ही आमची स्पेशालिस्ट. नुसती चप्पल बघून माणूस सांगते. बघायचंय?"

मला पाठमोरी उभी केली. पाहुण्यांनी बूट काढले. वेटरनं सरबताचा स्टीलचा ट्रे रिकामा केला आणि त्यात एकेक जोड ठेवून माझ्यापुढं धरला. पहिला जोड. मी म्हटलं, "वरची फळी. बोट आहे ह्यांची, ते पण शिडाची." टाळ्या. दुसरा. "मधली. बायको नको म्हणतेय." सगळे खिदळले. मला चेव आला. तिसरा पण बरोबर सांगितला.

चौथ्यांदा ट्रे आला.

निळी रबरी स्लीपर. उजवीचा पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला. डावीची टाच आतून खाल्लेली, कारण तो पाय तो ओढून टाकतो. ती तार मीच बांधली होती, गणपतीच्या आधी, वाडीवर, चुलीपुढं बसून.

"सांग," साहेब म्हणाले, "हे शेठ कुठली बोट घेणार?"

मी वळले. हिरवळीभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडं बा उभा होता. तापलेल्या सिमेंटवर अनवाणी, एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवत. त्याला बोलावून काढायला लावली होती. तो हसत होता. सायेब लोक हसतात म्हटल्यावर आपण पण हसायचं, एवढं त्याला ठाऊक.

मी बोलायला नको होतं. सवय झाली होती जिभेला.

"टाइमपास," मी म्हटलं.

हिरवळ हादरेल असे हसले सगळे. एक बाई डोळे पुसत होती. बा पण हसला. साहेब म्हणाले, "अगं, मग घाल ना शेठच्या पायात. गिऱ्हाईक आहे ते."

मी ट्रे घेऊन गेले. खाली बसले. बानं पाय मागं ओढला. "नको गो. मी घालतूं." पण मला त्याची टाच दिसली. माझ्यासारख्याच भेगा, आणि त्या भेगांत बोटीच्या बुडाचा निळा रंग मुरलेला. घासून न निघणारा.

साहेबांचा राग मला नंतर आला. आधी माझा आला. माझ्या बापाला मी खालच्या फळीवर ठेवलं होतं, आणि लोक डोळे पुसत हसले होते. त्या रात्री जेवण गेलं नाय. बा म्हणाला, "खा गो. मस्करी केली त्यांनी." मस्करी. त्याला ती मस्करी वाटली, ह्याचंच मला जास्त रडू आलं.

रविवार, शेवटचा दिवस. साहेब सकाळपासून ताणात होते. सगळ्यात मोठी यॉट अजून विकली गेली नव्हती, आणि ती गेली नसती तर साहेबांचं काय खरं नव्हतं. मला म्हणाले, "आज डोळे उघडे ठेव."

अकरा वाजता दोघं जण एकदम आले. एक बिल्डर, सोनेरी बक्कलचे बूट, सोबत सात-आठ माणसं, आवाज मोठा. आणि एक एकटी बाई, पन्नाशीची, फिकट कापडी बूट, कडेला मिठाची रेघ. कठडा न धरता एका पायावर उभी राहिली, बूट काढले, चढली. पहिल्याच पायरीला मला कळलं. हीच.

मी सगळ्या चपला खाली जमिनीवर एका ओळीत लावल्या. सोनेरी, कापडी, ड्रायव्हरच्या, सगळ्या. रॅकच्या तिन्ही फळ्या पुसून कोऱ्या ठेवल्या.

साहेबांनी लांबून बघितलं. परत बघितलं. जवळ आले, दात आवळून म्हणाले, "रॅक रिकामा का?"

"चपला खाली हायत."

"ते दिसतंय. कोण आहे?"

"तुम्हीच बघा. आज पायाकडं नको, तोंडाकडं बघा."

त्यांना मारायचं होतं मला. पण लोक होते. त्यांनी वर बघितलं आणि सोनेरी बक्कल निवडली. दोन तास त्या बिल्डरला नारळपाणी पाजलं, चाक हातात दिलं, बायकोला फोन लावून पलंग दाखवला. ती बाई इंजिनाच्या झाकणाशी उभी राहून काहीतरी विचारत होती. असिस्टंटनं तिला कागद दिला. थोड्या वेळानं ती उतरली, वाकून स्वतःचे बूट घातले आणि गेली. मला तिची माया नव्हती. तिनं पण माझ्याकडं बघितलं नव्हतं.

बिल्डर फोटो काढून निघून गेला. चार वाजता त्या बाईच्या माणसाचा फोन आला. मॅडम आज सौदा करूनच जाणार होत्या, पण इथं कुणी विचारलंच नाय, म्हणून त्यांनी दुसरीकडं बघितलं.

साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तोंड पांढरं पडलेलं.

"तुला माहीत होतं?"

"व्हय. पहिल्या पायरीलाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काल बोलले की. बोलले आणि तुम्ही हसलात."

"चालते व्हा. दोघंही."

बा धावत आला. हातातला पत्रा टाकला आणि साहेबांच्या बुटांवर डोकं ठेवायला वाकला. पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं काम होतं त्याचं तिथं, डोक्यावर छप्पर होतं. मी त्याचा दंड धरला आणि वर ओढला. जोरात ओढला, त्याला लागलं. तो माझ्यावर ओरडला, साहेबांवर नाय.

पेणहून रोह्याची गाडी धरली. अष्टमीच्या पुलावर उतरलो तेव्हा म्हणाला, "सांगितलं असतंस तं काय तोंड झिजलं असतं तुझं?" तो आता वीटभट्टीवर आहे. त्या दिवसाचं अजून नाव काढत नाय. त्याच्या लेखी मीच चुकले. पण परत तो दिवस आला तरी मी तेच करीन.

मी कोलाडला आहे. सकाळी धरणाचं पाणी सुटतं, कुंडलिका नदी चढते आणि मुंबई-पुण्याची माणसं रबरी बोटींतून खाली येतात. बोटीच्या मागच्या टोकाला मी असते. ह्या नदीत मी चालायच्या आधी पोहायला शिकले. मी ओरडले की ती वल्ही मारतात, मी थांब म्हटलं की थांबतात. कोण कुठल्या फळीचा, ते मला अजून दिसतं. नजर गेली नाय माझी. पण ते मी कुणाला सांगत नाय, इथल्या मालकानं विचारलं तरी नाय.

मागच्या रविवारी एकानं काठावर बूट काढले. कापडी, मिठाची रेघ असलेले. माझ्यापुढं धरले.

"ए, हे ठेव."

"पिशवी तिकडं हाय. आपलं आपण ठेवा."

त्यानं मालकाकडं बघितलं. मालक माझ्याकडं डोळे वटारत होता. तो रोज सांगतो, ह्या तोंडानं तू एक दिवस काम घालवशील. बोटीतली माणसं थांबली होती, पाणी चढत होतं. मी दोर सोडायला हातात घेतला.

"ठेवता का निघू?"

तो वाकला, आपले बूट आपण पिशवीत टाकले आणि बोटीत येऊन बसला. नसता वाकला तर त्याला काठावर ठेवून मी बोट सोडली असती. काम गेलं असतं. जाऊ दे. ह्या हातानं आता कुणाच्या पायातलं उचलणार नाय.