वेगवेगळ्या फाइलींचा एक अंक

सुरतच्या आमच्या मराठी शाळेचा पहिला वार्षिक अंक निघायचा होता. मुलांचे लेख आम्ही दोघी शिक्षिकांनी पर्वत पाटिया भागातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून टाइप केले होते, प्रत्येक लेखाची फाइल वेगळी. छापखानेवाल्याने मात्र सगळा अंक एकाच फाइलमध्ये मागितला.

क्लासचे गुजराती सर म्हणाले, "बेन, दोन सॉफ्टवेअर आहेत. एक झटपट जोडतं, दुसऱ्याला जरा वेळ लागतो."

आम्ही अर्थातच झटपटवालं घेतलं. फाइली जोडल्या गेल्या, पण पडद्यावर मराठी कुठेच दिसेना. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चौकोन! माझ्या सोबतच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"सर, दुसरं लावून बघा ना," मी म्हटलं.

मी क्रम सांगत गेले आणि सर एकेक लेख आत घेत गेले. कोसाड वस्तीतल्या एका मुलीने कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या वडिलांवर अहिराणीत लिहिलं होतं. माझा जीव त्यातच अडकला होता. तो लेख पडद्यावर आला तेव्हा त्याची एक वेलांटीसुद्धा हलली नव्हती! वर पानांचे आकडेही आपोआप पुढे सरकत होते.

"अहो, पुस्तक झालं की हे!" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या खोलीतले विद्यार्थी बघायला आले.

सरही हसत गुजरातीत म्हणाले, "चालो, हवे छापो!" म्हणजे चला, आता छापा!

सरांनी ती फाइल फ्लॉपीवर घालून दिली. ती पर्समध्ये टाकून आम्ही जेवायचंही विसरलो आणि रिक्षाने थेट छापखाना गाठला.