ठमाबाईची जागा

हातखंब्याला हायवे सोडून एसटी आत वळली की अर्ध्या तासात आमचा आंबेतिठा येतो. उतरणाऱ्या माणसाला बाजारपेठ दिसायच्या आधी ठमाबाई ऐकू येते.

"ओ पावणं, बघताय काय? मांदेली चावत नाय, घ्या!"

एसटी जिथं वळण घेते त्याच कोपऱ्यावर, माझ्या किराणा दुकानाच्या पायरीला लागून ती बसते. पुढ्यात पाटी, डोक्यावर कुठल्याशा बियाणं कंपनीची छत्री, आणि छत्रीच्या दांड्याला लटकवलेला क्यूआर कोडचा पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यालाही आता बांगड्याचा वास येतो. पहाटे टेम्पोनं रत्नागिरीच्या बंदरावरून मासे आणायचे, दुपारपर्यंत विकायचे आणि विकता विकता सगळ्या गावाची उलटतपासणी घ्यायची, हा तिचा धंदा. तिच्या आधी तिची सासू ह्याच जागी बसायची. सासू अबोल होती म्हणतात. घरात दोघींचं मिळून जेवढं बोलायचं, तेवढं सगळं ठमाबाईच्या वाट्याला आलं असावं.

तिच्याकडे भाव माणूस बघून ठरतो. शिक्षकाला एक, कंडक्टरला एक, आणि चारचाकीतून काच खाली करून विचारणाऱ्याला तिसराच. घासाघीस न करता पैसे दिले तर तिला अपमान वाटतो. "असा काय माणूस? भांडत पन नाय," असं ती त्याच्या पाठीमागे म्हणते, आणि पुढच्या वेळी त्याला चढा भाव सांगून भांडायला भाग पाडते. पेठेत स्वतःला शाकाहारी म्हणवणारी जी दोन-तीन घरं आहेत, त्यांच्या पिशव्या ती न सांगता दोनदा गुंडाळून देते. नावं मी सांगणार नाही. त्यातला एक माझ्याकडून उधारीवर तूर डाळ नेतो आणि मला ती फिटायला हवी आहे.

तर अशा ह्या बाईला उठवायचं, असं व्यापारी संघटनेच्या अध्यक्षाच्या मनात आलं.

अध्यक्ष म्हणजे सुजय. कोपऱ्याच्या समोरच त्याचं कपड्यांचं दुकान. गेल्या वर्षी त्यानं काचेचं दार लावलं, आत एसी बसवला आणि तेव्हापासून त्याला नाक फुटलं. त्याआधी तीस वर्षं त्याच वासात वाढलेला हा मुलगा एकाएकी रुमाल नाकाला लावून फिरू लागला. मग त्यानं कुठून कुठून खटपट करून एसटी स्टँडच्या मागे, ओढ्याच्या अंगाला, एक पत्र्याची शेड उभी करवून घेतली. 'आधुनिक मत्स्य विक्री केंद्र' असा फलकही लावला. शेड चांगली होती, खोटं कशाला बोलू? फरशी होती, नळ होता. नव्हतं ते एकच, गिऱ्हाईक. त्या बाजूला आमच्याकडे फक्त घाईत असलेले पुरुष जातात, आणि ते मासे घ्यायला नाही.

ठमाबाईचा मुलगा रूपेश तिकडे लोट्यालाच राहून कंपनीत शिफ्टला जातो. त्यालाही आईनं घरी बसावंसंच वाटत होतं. तो सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "आये, झाला ना आता. कशाला उन्हात बसतंस?"

तो गेल्यावर ती माझ्या पायरीवर टेकली. तिचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"शेट, मना पैशाचा काय नाय," ती म्हणाली. "पोरगा देतो. पन घरात बसून मी कुनाशी भांडू? भिंतीशी? त्या शेडीत मना कोन विचारनार नाय. चार माणसांत मरू दे मना, पन अशी एकटी नको."

मी उगाच तराजू पुसत राहिलो.

सुजय तसा धोरणी. ठमाबाईला आणि तिच्या आजूबाजूला बसणाऱ्या मासेवाल्या बायकांना पोलीस दाखवले तर त्या ओरडतील, पण देवापुढे शब्द गेला की हूं की चूं करणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं उद्घाटनाला गाऱ्हाणं ठेवलं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर देवापुढे नारळ ठेवतात आणि एक जाणता माणूस मोठ्या आवाजात देवाशी बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकदा "व्हय" म्हटलं की तो सगळ्यांचा शब्द झाला, मग मागे फिरता येत नाही. आणि तोंडाला सवयच अशी लागलेली असते की गाऱ्हाण्यात काय चाललंय हे ऐकायच्या आधीच "व्हय" बाहेर पडतं.

पेठेत गाऱ्हाणं घालतो तो भिकाजी शिंपी. त्याचं दुकान ठमाबाईच्या पलीकडे. गाऱ्हाण्याची बातमी ऐकून ठमाबाई तडक त्याच्याकडे गेली. दोघंही जन्मात हळू बोललेली नाहीत, त्यामुळे मला माझ्या गल्ल्यावरून सगळं ऐकू आलं.

"भिकूदादा, तू आमाला शेडीत धाडायचा गाऱ्हाना घालनार?"

"मी कोन धाडनार, ठमे? नारळ ज्याचा असल त्याच्या मनातला मी देवाला सांगतो. माजा बापूस पन तसाच करायचा. नारळ सुजयचा, तर गाऱ्हाना सुजयचा."

"आनि आमी व्हय नाय म्हटला तर?"

"बघ गप ऱ्हाऊन, जमला तर," भिकाजी म्हणाला आणि मशीन चालवू लागला.

ती परत येऊन पाटीमागे बसली. त्या दिवशी तिनं कोळंबी शिक्षकाच्या दरानं चारचाकीवाल्याला दिली, इतकी ती हरवली होती.

उद्घाटनाच्या सकाळी सुजय माझ्या दुकानात सुतळी मागायला आला. हातात रत्नागिरीच्या मोठ्या दुकानाची चकचकीत पिशवी. ती त्यानं गल्ल्यावर उघडून दाखवली. फीत, कात्री, पेढे, अगरबत्त्या आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नारळ.

"काका, नारळ बघा कसा स्वच्छ! हात लावला तरी कचरा नाही."

नारळ खरंच स्वच्छ होता. चकोट केलेल्या डोक्यासारखा गुळगुळीत, शेंडीचा एक धागा त्यावर शिल्लक नव्हता. माझ्या ओठांवर आलं होतं, पण शेंडीवाल्या नारळांचं पोतं दारात असताना जो नारळ मॉलमधून आणतो, त्याला मी काय म्हणून सांगू?

पायरीवरून ठमाबाईनंही तो पाहिला, आणि ती काहीच बोलली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सुजय गेल्यावर ती उठली, हात धुतले, पोत्यातला एक जाडजूड शेंडीचा नारळ निवडला, त्याचे पैसे गल्ल्यावर ठेवले आणि तो पदराखाली घेतला.

"चटणीला काय गो?" मी विचारलं.

"व्हय, चटनीलाच," ती म्हणाली.

शेडीत निम्मं गाव जमलं. सुजय पांढऱ्या शर्टात, त्याची आई पहिल्या रांगेत, मासेवाल्या बायका मागे कोपऱ्यात. भिकाजीनं पाटावर तांदूळ पसरले, हात पुढे केला आणि नारळ पाहून तो थांबला.

"शेंडी कुटं हाय?"

"आहे की नारळ, काका," सुजय म्हणाला.

"अरे शेंडी नाय तर देवाकडं कशी करू? असा बोडका नारळ ठेवून देवाची थट्टा करू काय?"

कुजबुज सुरू झाली. सुजयची आई कपाळाला हात लावून बसली. फोटोवाला घड्याळ बघू लागला. तेवढ्यात मागून ठमाबाई वाट काढत आली आणि पदराखालचा नारळ तिनं पुढे केला.

"ह्यो घ्या. देवाचा काम खोळंबायला नको."

"वा, मावशी!" सुजयचा जीव भांड्यात पडला. "घ्या काका, चला लवकर!"

भिकाजीनं नारळ हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ठमे, नारळ तुजा?"

"माजाच."

भिकाजीच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! तिठ्याच्या राखनदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या लेकरांनी ही शेड उबी केलानी हाय. ती कुनाच्या तरी कामाला येऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जिचा ह्यो नारळ, ती ठमी सासूच्या जाग्यावर कोपऱ्याला बसली हाय. ती आनि तिच्या संगतीच्या बाया, हायत तितंच त्यांना सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोन त्यांना उठवायचा मनात आनील, त्याच्या मनातला ता काढून टाक, नि त्याच्या दुकानाला बरकत दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सुजयचा होता. कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात जोडून, छाती भरून तो म्हणाला. मागच्या बायका हसायला लागल्या तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलू लागला. तो भिकाजीकडे वळला, पण त्याची आई आधी उठली होती.

"सुजय, देवापुढं व्हय म्हटलायस. आता एक शब्द काढलास तर बघ," तिनं दम भरला, आणि ठमाबाईच्या हातावर पहिला पेढा ठेवला.

शेडीत आता पावसात मोटारसायकली उभ्या असतात. तेवढा तिचा उपयोग झाला. भिकाजीला आपलं गाऱ्हाणं फार आवडलं असावं, कारण आठवडाभर तो मशीनवर तेच गुणगुणत होता.

परवा सुजयकडे पाहुणे आले. आईनं त्यालाच माशांना धाडलं. तो ठमाबाईच्या पाटीसमोर उभा राहिला, दुसरीकडे बघत, रुमाल खिशात ठेवून. तिनं त्याला भाव नीट सांगितला, सुरमई निवडून दिली, तुकडेही करून दिले. तो पिशवी घेऊन उभाच होता, बहुधा काहीतरी बोलायचं असावं. इतक्यात एसटी वळणावर आली आणि माणसं उतरू लागली.

"बाबू," ठमाबाई म्हणाली, "जरा सरक बगू तितनं. माजी गिऱ्हाइकां दिसत नाय मना."

आणि अध्यक्ष निमूटपणे सरकले.