कानात सांगायचं नाव

पुरणपोळी माणसाला आडवं करते, म्हणून मी भावाच्या बेडरूममध्ये आडवी होते. घटकाभरच, असं सगळ्यांना बजावून. बाहेर हॉलमध्ये संध्याकाळच्या बारशासाठी पाळणा सजतोय आणि माझा भाऊ रणजित भिंतीवर थर्माकोलची अक्षरं चिकटवतोय. 'तेज'. निळ्या रंगात. बायकोला सहावा लागला तेव्हाच कापून आणलेली, कारण मुलगाच होणार असं कुठल्याशा महाराजांनी ह्याला सांगितलं होतं. झाली मुलगी. अक्षरं फुकट कशी घालवायची, म्हणून आता ते नाव युनिसेक्स झालंय.

युनिसेक्स. सकाळपासून पेढ्याबरोबर हा शब्द त्याने प्रत्येक पाहुण्याच्या हातावर ठेवला. छोटं नाव आहे, मुलामुलींना दोघांना चालतं, परदेशात कुणाला अडत नाही, बायोडेटावरून मुलगी आहे हे कळतसुद्धा नाही. सव्वा महिन्याच्या पोरीचा बायोडेटा! तिला अजून मान सावरत नाही आणि हा शहाणा तिला नोकरीला लावून मोकळा. वर हे नाव तिच्या कानात सांगायचं मी, कारण मी आत्या. बापाच्या बहिणीचा तेवढा एकच मान, तोही ह्याच्या अकलेने वापरायचा. पण मी मनाशी ठरवून टाकलंय. वाकेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं 'मैत्रेयी' म्हणेन. मग बसा म्हणावं बोंबलत.

डोळे मिटतात. पंख्याची घरघर जड होत जाते, जात्याच्या दगडासारखी, आणि मी गावच्या पिठाच्या गिरणीत रांगेत उभी असते.

माझ्यापुढे नकूआत्या आहे. तिला जाऊन कैक वर्षं झाली, पण गिरणीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. ही माझ्या वडिलांच्या लगेच आधीची बहीण. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं नकुसा. म्हणजे नको असलेली. आमच्या भागात तशी रीतच होती, असलं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. तिच्या पाठीवर माझे वडील झाले आणि नावाला गुण आला असं सगळ्या गावाने ठरवलं.

तिच्या भुवयांवर पीठ बसलंय. ती मागे वळूनही न बघता विचारते, "काय ठेवताय पोरीचं?"

"तेज."

"म्हंजे पोरासाठी काढून ठेवल्यालं, ते पोरीला."

"तसं नाही आत्या. आता नवीन पद्धत आहे, एकच नाव दोघांना चालतं."

"नवी कशाची डोंबलाची? माज्या वक्ताला तोंडावर सांगायची, नको म्हणून. ह्यांनी वरनं साखर पेरली."

मला हसू फुटतं. रणजितचं अख्ख्या दिवसाचं भाषण हिने एका फुंकरीत उडवलं. रांगेतले डबे पुढे सरकतात. प्रत्येक डब्यावर खडूने नाव आहे, कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या मुलाचं. बायका ते डबे उचलून पाळण्याखालून एकमेकींना देतायत, कारण गिरणीच्या जागी आता भावाचा हॉल आहे. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. डब्यांतून गरम पीठ सांडतंय, निळ्या अक्षरांवर बसतंय. ते कुणी झाडत नाही.

"पोरगी आसली तरी गोविंद आन गोपाळच," आत्या म्हणते.

मग मी तिला फुशारकीने माझा बेत सांगते. सांगणारच, शिकले तर तिच्याकडूनच. मी घरातली दुसरी मुलगी. आजोबांनी फर्मान काढलं होतं, हिचंही नाव नकुसाच ठेवा, गुणाचं नाव आहे. पाळण्यात सांगायला हीच नकूआत्या. ती वाकली, माझ्या कानात कुजबुजली, ताठ उभी राहिली आणि भरल्या घरात म्हणाली, चारुशीला. आजोबा मरेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाहीत. ही गोष्ट मी आयुष्यभर मिरवली आहे.

"तशीच मीही मैत्रेयी म्हणणार," मी म्हणते. "बघू कोण काय करतंय."

आता ती वळते. रणजितसाठी जे तोंड करायला हवं होतं, ते माझ्यासाठी करते.

"का? पोर तुजी हाय?"

"आत्याचा मान असतो."

"त्येला बापाचा मान, तुला आत्याचा मान. आन जिनं नऊ म्हैने प्वाटात वागवली, ती काय पाट्या टाकत व्हती?"

प्रणिताने, माझ्या भावजयीने, काही सुचवलंच नाही, असं मी सांगते.

"इचारलं व्हतं?"

नव्हतं विचारलं. आम्ही ओढ्यावर आहोत आणि समोर माझी आई धुणं आपटतेय, माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसतेय. आमच्याकडे तिचं लक्ष नाही. आत्या हनुवटीने तिच्याकडे दाखवते.

"चारुशीला म्या काढलं व्हय? मला पाटीवर रेघ वडता येत नव्हती. हितं यिऊन तिला इचारलं. तिच्या म्हायेरच्या दवाखान्यात नर्सबाई व्हती त्या नावाची. नाव तिचं, म्या निस्तं तोंड हालीवलं. आन तू बग, भावाला नावं ठिवती आन त्येच्याच पंगतीला बसती."

असलं कुणी जिवंत माणूस बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. इथे मला लाज वाटते, इतकी की ओढ्यातलं पाणी पायाला पोळतं.

"फुडं ये," ती म्हणते आणि माझा डावा कान धरून ओढते. तिचे ओठ ओले आहेत, त्यांना भाजलेल्या तंबाखूच्या मिसरीचा वास आहे. ती कानाला तोंड लावून काहीतरी सांगते, पण मला ऐकू येत नाही, कारण नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत आहे आणि सगळ्या बायका माझ्या पाठीत घालतायत, धप, धप, धप.

"ताई, उठा ना. बायका आल्या."

प्रणिता माझ्या पाठीवर थापट्या मारतेय. नवी साडी, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मी उठून बसते तशी ती निरखून बघते.

"ताई, कानाला काय लागलंय?"

मी हात लावते. काळसर, ओलं. बोट नाकाशी नेते. मिसरी. या घरात मिसरी कुणी लावत नाही, आणि नकूआत्या गेल्यापासून हा वास मला कुठेच आलेला नाही.

प्रणिता पदराने पुसायला जाते. मी तिचं मनगट धरते.

"तुला काय नाव ठेवायचं होतं गं?"

ती आधी दाराकडे बघते. बाहेर रणजित कुणाला तरी परदेशातल्या अडचणी समजावतोय. आता काय त्याचं, ताई, असं ती पुटपुटते. मी मनगट सोडत नाही. मग ती खाली वाकते आणि त्याच कानात, श्वासाएवढ्या आवाजात सांगते, "ज्योत्स्ना."

खरं सांगते, मला ते नाव अजिबात आवडत नाही. जुनाट, आणि जिभेला गाठ मारणारं. माझं मैत्रेयी त्याच्या शंभरपट बरं होतं. मी पदर खोचते, कान तसाच ठेवते आणि उभी राहते.

"परत एकदा सांग," मी तिला म्हणते. "सगळ्यांपुढे जीभ अडखळायला नको."