अण्णांचा नंबर

आमच्या परभणी जिल्ह्यात इंग्रजीवाचून कुणाचं फारसं अडत नाही, पण 'नंबर' हा शब्द काढून घेतला तर निम्म्या लोकांची बोलती बंद होईल. दवाखान्यात नंबर लावतात, टँकरवर नंबर लावतात. पोराचा कॉलेजात नंबर लागतो. भजी जमली की ती एक नंबर, आणि भजी विकणारा लबाड निघाला तर तोही एक नंबरचा लबाड. शेताला गट नंबर आहे, वाळूचा धंदा दोन नंबरचा आहे, आणि वर्गात पोरानं करंगळी वर केली की मास्तर कुठलाही हिशेब न विचारता त्याला बाहेर सोडतात. नवा माणूस भेटला की हल्ली नावाआधी नंबर घेतात, आणि मग तो कुठल्या नावानं साठवायचा यावर अडतात.

माझे वडील, अण्णा, जिंतूरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. त्यांच्या लेखी या शब्दाला एकच अर्थ होता, वर्गातला. मी दहावीला शाळेतून दुसरी आले आणि पेढ्यांचा पुडा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "पहिला कुणाचा?" मी नाव सांगितलं. "लय हुशार लेकरू हाय ते," म्हणाले आणि दुसरा पेढा घेतला. मला त्यांचा इतका राग आला की पुड्यातला एकही पेढा मी खाल्ला नाही. पुढं शिकले, परभणीत नोकरीला लागले, पण पेढा दिसला की तो राग अजून जागा होतो.

आता अण्णांचं वय झालं आहे. त्यांचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेला होता आणि गेल्या वर्षी उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत चालला. त्यांना हे मान्य नव्हतं. पेपरवाल्यांनी शाई पातळ केली आहे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले होते, "एकच डोळा आहे, चांगलं दिसतंय तोवर उगाच हात लावायला नको. पण नजर उतरली तर लगेच करायचं. फार पिकू दिला तर हाही हातचा जाईल." ते पुढच्या तपासणीवर ठरणार होतं. माझी झोप उडाली होती; अण्णा मात्र निवांत होते.

हे डॉक्टर बाहेरगावाहून आठवड्यातून एकदाच येतात. त्या दिवशी दवाखान्याचं शटर उघडायच्या आधीच दारात चपलांची रांग लागते. माणसं लिंबाखाली बसतात, नंबर चपला धरतात. तपासणीला गेलो तेव्हा अण्णांनी आपल्या चपला रांगेत ठेवल्या आणि काठीनं मागच्यांच्याही सरळ करून दिल्या. वाकडी रांग त्यांना तेवढ्या नजरेतही खपत नव्हती.

आत गेल्यावर आम्हाला प्लायवूडच्या आडोशाला बाकावर बसवलं. पलीकडं एक मुलगी पट्टीनं तक्त्यावरची अक्षरं दाखवायची आणि पेशंट मोठ्यानं वाचायचे. पोखर्णीहून आलेली एक म्हातारी आमच्या पुढं होती, तिच्या आधी आणखी बरेच जण. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, दमले असतील. ओठ हलत होते, म्हणजे देवाचं नाव घेत असतील, असंही वाटलं. बापाबद्दल माणसाला काहीही चांगलं वाटू शकतं.

आमचा नंबर आला. अण्णा खुर्चीवर ताठ बसले. मुलीनं पहिल्या अक्षरावर पट्टी ठेवली आणि अण्णा सुरू झाले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मुलगी खूश होऊन कागदावर खुणा करायला लागली. शेवटच्या बारीक ओळीवर तर पट्टी पोचायच्या आधीच अण्णा पोचले. ती चाल मी ओळखली. आमच्या शाळेत पोरं पावकी-निमकीचे पाढे याच सुरात म्हणायची.

"आजोबा, एकदम मस्त दिसतंय की तुमाला," मुलगी म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडं मान वळवली. पेपर लवकर सोडवून झालेल्या पोराचा चेहरा होता तो. ज्या माणसानं आयुष्यभर कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं, त्यानं पोखर्णीच्या म्हातारीवरून आख्खा पेपर उतरवला होता.

वर्गात कुणी पाठांतर धडाधड म्हणायला लागलं की अण्णा त्याला थांबवायचे आणि मधूनच विचारायचे. तेच मी केलं. मुलीला म्हटलं, "ताई, आता खालून वर विचारा. मधूनच, कुठलंही."

"काय करायलीस गं माय?" अण्णा म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

मुलीनं मधल्या ओळीतल्या एका अक्षरावर पट्टी ठेवली. अण्णा बराच वेळ तक्त्याकडं बघत राहिले. मला वाटलं, पळून जावं इथून. मग ते म्हणाले, "न्हाई दिसत."

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली. ऑपरेशन झालं तरी अण्णा दोन-चार दिवस माझ्याशी गरजेपुरतंच बोलले.

नंतर तपासणीला गेलो तेव्हा तक्ता नवा होता. मुलगी शहाणी झाली होती. पोखर्णीची म्हातारीही आली होती, तिनं आमच्या आधी वाचून घेतलं. अण्णा सावकाश वाचत गेले, एकेका अक्षरावर थांबून. शेवटच्या ओळीशी आल्यावर स्वतःच म्हणाले, "ही न्हाई येत. बाकी समदं दिसायलंय." डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर काढू, डोळा वाचला. मी तिथंच रडले.

बाहेर येऊन अण्णा चपला शोधायला लागले. या वेळी त्यांनी त्या स्वतःच ओळखल्या.

"त्या म्हातारीनं शेवटची ओळ वाचली का गं?"

"वाचली."

"म्हंजे पहिला तिचा. आन् माझा?"

"दुसरा."

एक पाय चपलेत घालून ते तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "दुसरा काय वाईट न्हाई गं माय." आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पेढे घ्यायला लावले. घरी पोचल्यावर पहिला पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.